बोटीवर उजाडेपर्यंत

किस्से कसे साठतात ते मला नाशिकच्या फुलबाजारात कळलं. माल पहाटेच विकला जातो. मग गाडीला वेळ असतो, चहा असतो, आणि रिकामी पाटी उलटी केली की बसायला जागा असते. एकानं काल काय झालं ते सांगायचं, दुसऱ्यानं त्यात मीठमसाला घालायचा. वर्षभरानं मूळ गोष्ट कुणाची होती तेच आठवत नाही!

आमच्या चौघांचे असे पुष्कळ किस्से आहेत. पण लोक फिरून फिरून विचारतात ते बोटीचेच. परवा नातवाचे मित्र आले. म्हणाले, "नाना, आम्ही क्रूझवर जातोय. एक रात्र बोटीवर राहायचं, खाडी बघायची. तुम्ही जाऊन आलात ना? काय काय असतं हो तिथं?"

मी म्हटलं, बसा. घाई असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा.

* * *

चौघे म्हणजे मी, दामूअण्णा, पांडूतात्या आणि जगन मिस्तरी. चौघांचे मळे मखमलाबादच्या बाजूला, बांधाला बांध लागून. दामूअण्णाचा झेंडू, तात्याची शेवंती, माझा गुलाब आणि थोडा मोगरा. जगननं सगळी उमर ओझरला विमानाच्या कारखान्यात काढली आणि रिटायर झाल्यावर गुलाबात पडला. आता त्या मळ्यांवर कॉलन्या झाल्या. तेव्हा रात्री नुसत्या वासावरून कळायचं, कुणाच्या बांधावर आलो ते.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. फवारणीच्या औषधाच्या एका कंपनीनं स्कीम काढली आणि आम्ही चौघे त्यात बसलो. परदेशात व्हिएतनाम म्हणून देश आहे, तिथं समुद्राच्या खाडीत बोटीवर एक रात्र. जोडीनं! पण दामूअण्णाच्या घरी लेकीचं बाळंतपण, तात्याची मालकीण समुद्र ओलांडायचा नाही म्हणून हटून बसलेली, आणि जगनची बायको आधीच वारलेली. जोडीनं निघालो ते मी आणि माझी सरू, एवढेच.

कंपनीचे साहेब फोटोंचं पुस्तक घेऊन घरी आले. तरुण पोरगा, गळ्यात टाय. "मावशी, हे बघा. सूर्योदय, गुहा, मोत्यांची शेती. सांगा, तुम्हाला काय बघायचंय?"

सरू गुलाबाच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय बघायचं नाय. तिथं झोपायला हाय का?"

"हो, हो! एसी रूम आहे."

"मग उजाडेपर्यंत झोपू देत्याल का?"

साहेब खो खो हसले. मी हसलो नाही.

* * *

फूल उन्हं लागायच्या आत तोडावं लागतं, नाहीतर मान टाकतं. म्हणून आमच्याकडं पहाटे तीनला उठायचं. सरू लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या पहाटेपासून डोक्याला फडकं बांधून वाफ्यात उभी. तापात उठली, पोटुशी असताना उठली. बाळंतिणीच्या खाटेवरूनसुद्धा कूस बदलून विचारायची, "तोडा झाला का?"

सणाला तरी सुटी? उलट सणालाच जास्त फूल लागतं! लोकांचा दसरा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या घरी पुरण शिजायचं.

लग्न झाल्यापासून सूर्य तिच्या आधी कधी उठलाच नाही. तिला सोनं नको होतं, काशी नको होती. एकदा फक्त उजाडेपर्यंत झोपायचं होतं. हे ती मला सांगायची तेसुद्धा तोडताना, अंधारात, जसं दुसरी बाई पैठणीचं सांगते तसं.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. असती तर हे सगळं तिनंच सांगितलं असतं, माझ्यापेक्षा निम्म्या शब्दांत.

दामूअण्णानं तेव्हा तिची मस्करी केली. दामूअण्णाचा आवाज म्हणजे असा की बाजारात बोली लागली की पलीकडच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक थांबायचं. तो ओरडला, "वहिनी, झोपायला एवढं लांब कशाला? आमच्या मळ्यातल्या खोलीत झोपा की!"

सरू म्हणाली, "तिथं तुमचा आवाज येतो, भावजी."

मळा सांभाळायला सटाण्याहून लेक-जावई आले. जावईबापू त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मामी, तुम्ही बिनघोर जा. मी शे ना!" तरी सरू निघताना दोनदा फाटकातून मागं गेली. एकदा मोगऱ्याला पाणी सांगायला, एकदा कशाला ते तिलाच आठवेना.

* * *

विमानात जगन मिस्तरीची ऐट बघायची! आम्हाला सांगत होता, "घाबरू नका, मी असली लय बनवलीत." पण बसला होता तोही पहिल्यांदाच. विमान हललं तसा बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघायला लागला. टक टक. पुन्हा टक टक. मग भिंतीला कान लावला.

तात्यानं विचारलं, "काय रं?"

"हे आपल्याकडचं नाय."

"मग उतरायचं का?" तात्या पट्टा सोडायला लागला!

सरूनं मात्र डोळे मिटले होते. मी म्हटलं, चला, इथं तरी डोळा लागेल. तेवढ्यात मागून दामूअण्णा: "वहिनीऽऽ! ढग बघा! ढग खाली हायेत!"

सगळं विमान जागं झालं.

* * *

पहिली रात्र शहरातल्या हॉटेलात. सरू गादीवर आडवी झाली, मी दिवा मालवला. आता माणसाची सवय कशी असते बघा. नवा देश, घड्याळाचे काटे पुढं सरकवलेले, तरी पहाटे दार वाजलं. दारात तिघंही अंघोळ करून उभे.

तात्या म्हणाला, "वहिनी, च्या कुठं मिळंल?"

चहा-साखर सरूच्या पिशवीत होती, पाणी तापवायची कॉइलही होती. ती उठली. कॉइल लावली. आणि मजल्यावरचे सगळे दिवे गेले!

अंधारात लोक दारं उघडून त्यांच्या भाषेत काहीबाही बोलायला लागले. जगन म्हणाला, "थांबा, मी वायर बघतो." तिकडून आमच्याबरोबर आलेले कंपनीचे साहेब अर्ध्या चड्डीवर पळत आले. "मिस्तरी, पाया पडतो, हात लावू नका!"

दिवे आले तेव्हा बाहेर फटफटीत झालं होतं. सरू गादीवर बसून होती. म्हणाली, "आजचंही गेलं."

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीवर चढलो. तीन मजली लाकडी बोट, एखादा लग्नाचा हॉल पाण्यावर ठेवावा तशी. चढल्या चढल्या तात्यानं पिशवीतून नारळ काढला. तात्या माळकरी, नवीन कामाला नारळ फोडल्याशिवाय पाऊल टाकत नाही. पण तिथल्या बाजारात त्याला मिळाला तो हिरवा शहाळ्याचा नारळ.

बोटीच्या टोकाला जाऊन त्यानं तो दाणकन आपटला. फुटला नाही! उसळला, कप्तानाच्या पायाजवळून गडगडत गेला आणि डुबुक करून पाण्यात. कप्तान एका पायावर उभा!

मार्गदर्शक पोरगी होती, लिन नावाची. जराशी हिंदी बोलायची. घाबरून म्हणाली, "ये क्या हुआ?"

तात्या हात जोडून शांतपणे म्हणाला, "काय नाय बाई. आपण देणारच होतो, त्यानं आधीच मागून घेतला."

* * *

आता खोली. तुम्ही जाल तेव्हा बघाल, गादीवर टॉवेलाची दोन बदकं करून ठेवलेली असतात. सरूनं ती मोडलीच नाहीत. उचलून खुर्चीवर बसवली. "कुणीतरी मनापासून केलंय," म्हणाली. आणि तोंड तिनं पदरालाच पुसलं.

भिंतीएवढी खिडकी, खिडकीत नुसतं पाणी. पण ती खिडकीकडं गेली नाही. दाराकडं गेली. कडी लावली. काढली. पुन्हा लावली.

आमच्या घराला आतून दारं नव्हती. एका खोलीत माणसं, एका खोलीत फुलं, आणि मोगऱ्याचे दिवस आले की दोन्ही खोल्यांत फुलं. मी तिला म्हटलं, "आवडली का खोली?"

म्हणाली, "इथं हाक कशी ऐकू येईल?"

"कुणाची?"

तिनं कडीवरचा हात काढला. मग म्हणाली, "ते पण खरंच."

* * *

खाडी कशी होती ते सांगतो. आपल्या त्र्यंबककडच्या डोंगरांत गळ्यापर्यंत पाणी भरलं, की कसं दिसेल? तशी. हिरवे सुळके, एकामागं एक, आणि मधून आमची बोट वाट काढत चाललेली. मी पुष्कळ वेळ कठड्याला धरून उभा होतो. एवढं पाणी, आणि एका वाफ्याला उपयोग नाही, हे मनातून जाईना.

दामूअण्णा म्हणाला, "एवढे डोंगर, आन् एकावर देऊळ नाय! कमाल हाय!"

संध्याकाळी स्वयंपाक शिकवायचा कार्यक्रम असतो. एका पोरीनं टमाट्याची साल गोल गोल सोलून तिचा गुलाब केला. सगळे गोरे पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. आम्ही चौघे एकमेकांकडं बघायला लागलो. जगन म्हणाला, "नाना, तू उमर घातली त्या झाडात. हिनं बसल्या बसल्या केला!"

सरूनं तो हातात घेऊन नाकाला लावला. सवय! आणि मग एवढी हसली, एवढी हसली की लिन पाणी घेऊन आली. तिचं ते हसणं मी अजून शोधतो कधी कधी. टमाटा चिरताना विशेष.

जेवणात पाण्यातलं जे जे हलतं ते ते सगळं होतं. तात्यानं भात घेतला आणि सरूकडं हात केला. तिनं लसणाची चटणी दिली. तात्या म्हणाला, "वहिनी, तुम्ही नसता तर मी पोहत घरी गेलो असतो."

जेवण झाल्यावर गळ टाकून मासे धरायला देतात. तात्याला आग्रह झाला म्हणून त्यानं नुसता गळ धरला, आणि नेमकं त्याच्याच गळाला दहा पायांचं काहीतरी लागलं! तात्याचा चेहरा रडवेला. दोन्ही हातांनी सोडवून पाण्यात ठेवलं, टाकलं नाही हं, ठेवलं, आणि म्हणाला, "माफी असावी. कंपनीचा कार्यक्रम व्हता."

* * *

रात्री साहेबांनी सकाळचा कार्यक्रम सांगितला. आधी सूर्योदय. मग छोट्या होडीनं गुहा. "जगात अशी गुहा नाही! आपल्या ट्रिपचा मुद्दाच तो आहे." मग परत येऊन खोल्या सोडायच्या.

मी खोलीत आलो. पडदा नीट लावला.

पहाटे ती उठलीच! अंधारात उठून बसली, हातानं उशाशी चाचपायला लागली. "बॅटरी कुठंय? उशीर झाला का?"

आम्ही कुठं आहोत हे तिच्या ध्यानात नव्हतं. मी सांगितलं असतं तर पूर्ण जागी झाली असती. मी म्हटलं, "झोप. तोडा झाला."

"सगळा?"

"सगळा."

"मोगरा?"

"तोही."

"गाडी?"

"गेली."

तिनं चाचपणारा हात मागं घेतला. मग "बरं" म्हणाली आणि आडवी झाली, लहान मुलीसारखी हात गालाखाली घेऊन.

माझं अंग काही पडून राहीना. दार हळूच ओढून वर गेलो. वर तिघंही होतेच. रांगेत उभे, हात मागं बांधून, काळ्या पाण्याकडं बघत.

दामूअण्णा म्हणाला, "नाना, हात शिवशिवतात भो."

बोटीच्या वरच्या मजल्यावर शोभेच्या कुंड्या होत्या. कुंड्यांत शेवंती. तात्या मघापासून त्यांच्याभोवती फिरत होता. म्हणाला, "एखादं वाळलेलं काढतो." त्यानं एक काढलं. जगननं दुसरं काढलं. मग मला काही आठवत नाही! चौघांची बोटं चालली होती. घरच्यासारखं वाटलं, खरं सांगतो.

तांबडं फुटल्यावर कप्तान वर आला. सगळ्या कुंड्या बोडक्या, आणि टेबलावर फुलं, मोठी एकीकडं, बारकी एकीकडं, देठ एका बाजूला करून!

त्यानं आमच्याकडं बघितलं. तात्या म्हणाला, "उन्हं लागली असती तर मान टाकली असती, साहेब."

* * *

सूर्य वर आला तेव्हा मी खाली गेलो आणि खोलीच्या दाराबाहेर गालिच्यावर बसलो. चिंचोळी बोळ होती, दोन्हीकडं खोल्यांची दारं. आतून सरूचं घोरणं ऐकू येत होतं, बारीक, मांजरीसारखं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. घरी ती माझ्यानंतर झोपायची आणि माझ्या आधी उठायची.

लिन घंटा वाजवत आली. मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं घंटेची जीभ मुठीत धरली. "मॅडम बीमार?"

जगन तिच्या मागंच होता. त्यानं कारखान्यातलं इंग्रजी काढलं. "नो बीमार. ओन्ली स्लीप." आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला.

तात्या चटणी मागायला आला. चटणीची बरणी आत. त्यानं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कोरड्या तोंडानं खाली बसला.

मग जिन्यावर दामूअण्णाची पावलं वाजली. आम्ही तिघांनी एकदमच ओठांवर बोटं ठेवली! तो आला, तोंड उघडलं, आम्हाला बघितलं आणि तोंड मिटलं. चपला हातात घेऊन, अंग चोरून तात्याला खेटून बसला.

साहेब आले. "अहो, होडी लागली! गुहा बघायची ना?"

दामूअण्णा कुजबुजला. तो कुजबुजू शकतो हे आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं. "साहेब, हळू बोला. वहिनी झोपल्यात."

"मग त्यांना झोपू द्या. तुम्ही तरी चला!"

कुणी हललं नाही. तात्या तेवढं म्हणाला, "होडी सुटताना भोंगा वाजतो वो."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे. वर गेले. कप्तानाला त्यांनी हात गालाला लावून दाखवला म्हणे. होडी गुहेकडं गेली, बाकीचे पाहुणे घेऊन, बिनभोंग्याची. साहेब मात्र खाली परत आले, बूट काढले आणि टाय खिशात घालून आमच्या समोरच्या भिंतीला बसले.

मग खोल्या झाडणाऱ्या दोन बायका आल्या. लिन त्यांच्या कानात काहीतरी बोलली. त्यांनीही बादल्या ठेवल्या आणि आमच्या पलीकडं उकिडव्या बसल्या. बोळीत आता पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे माना खाली घालून. दामूअण्णाला खोकला आला तर त्यानं गमछा तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या.

ऊन बोळीच्या टोकापर्यंत आलं. होडी गुहा बघून परत लागली. कुणी उठलं नाही.

मग आतून दार वाजलं.

सरू दारात उभी. मागं खिडकीचा पडदा उघडलेला, खोलीभर ऊन. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. एवढ्या वर्षांत असा चेहरा तिचा मी बघितला नव्हता. तिनं आमच्याकडं बघितलं. भिंतीला टेकलेला मी, अनवाणी साहेब, तोंडात गमछा कोंबून डोळे पुसणारा दामूअण्णा, त्या दोन अनोळखी बायका.

तिचा हात पदराकडं गेला. डोक्यावरून पदर घेतला, दारातच खाली बसली आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"कोण गेलं?"